बँडमधले सगळे इन-इअरवर, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकायच्या कानातल्या इअरफोनवर, गेले. मीही बेस गिटारचा अ‍ॅम्प विकून पेडलबोर्ड (आवाज घडवणाऱ्या पेडलांची पाटी) घ्यावा का? आवाजात फरक पडेल का?

पडेल, पण तो तुम्हाला जाणवेल. समोर बसलेल्याला बहुतेक पत्ताही लागणार नाही. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्या गिटारिस्टने मला ऐकवलं होतं आणि पुढे याच वादात मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. आज मीच ते तुम्हाला सांगतोय याचा अर्थ तो बरोबर होता असा घेऊ नका. निम्मा बरोबर होता. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर लिहायला बसलोय.

माझ्याकडे दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट होतं. त्याला फ्रीज का म्हणतात हे ज्याने एकदा जिन्यावरून वर चढवलंय त्याला सांगावं लागत नाही. वर ट्यूबचं हेड, म्हणजे आवाज वाढवणारी पेटी. बारा वर्षं मी त्या फ्रीजला पाठ देऊन वाजवलं. खालची ई, म्हणजे बेसची सगळ्यात जाड तार, मारली की पॅन्टचे पाय मागून फडफडायचे. सूर जागेवर बसला की नाही हे कानाआधी पोटऱ्यांना कळायचं. ज्यांनी हे कधी अनुभवलं नाही त्यांनी 'अ‍ॅम्प म्हणजे नुसतं ओझं' वगैरे बोलू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

हे डोंगर जन्माला आले त्याला कारण होतं. अ‍ॅम्पेगने १९६९ साली ३०० वॅटचा एसव्हीटी हा बेसचा अ‍ॅम्प काढला तेव्हा पीएमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून, जेमतेम गाणाऱ्याचा आवाज जायचा. बेस शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं काम स्टेजवरच्या पेट्यांनाच करावं लागे. आता तुमची लाइन डीआय नावाच्या डबीतून थेट डेस्कला, म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरला, जाते आणि मागचा फ्रीज वाजतो तो एका माणसासाठी, म्हणजे तुमच्यासाठी. हे सगळं मला मान्य होतं हो. पण त्या एका माणसाला काही किंमत आहे की नाही?

आमच्याकडे बाकीचे चौघे एकेक करून इन-इअरवर गेले. गिटारिस्टने तर स्वतःचा अ‍ॅम्प विकून मॉडेलर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र) घेतला आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसासारखा सगळ्यांच्या मागे लागला. दर शोला साउंडवाला यायचा आणि सांगायचा, 'बेस स्टेजवरून कमी करा.' गायिकेच्या माइकमधून तिच्याबरोबर मीही येतोय अशी त्याची तक्रार. तांत्रिकदृष्ट्या खरी होती. खालची ई ४१ हर्ट्झची, तिची लाट आठ मीटरहून लांब. ती कॅबिनेटच्या तोंडासमोरून शिस्तीत जात नाही, चहूकडे पसरते आणि उघडा दिसेल त्या माइकमध्ये शिरते. साउंडवाल्याने फेडर (आवाजाची सरकपट्टी) शून्यावर आणला तरी स्टेजवरचा बेस हॉलमध्ये येतोच. गिटारिस्टने मला रश या रॉक बँडच्या बेसिस्टचे, गेडी लीचे, व्हिडिओ पाठवले. लीने २००२ च्या दौऱ्यात कॅबिनेटच्या जागी कपडे वाळवायची मशीन ठेवली होती आणि २००७ मध्ये चक्क कोंबड्या भाजायच्या भट्ट्या. खाली एकच ओळ, 'बघ, याचं काही अडलं का?' मी उत्तर दिलं नाही. ज्याच्यासाठी मॉनिटरचा वेगळा इंजिनिअर बसलेला असतो त्याचं उदाहरण मला कशाला?

शेवटी मी हो म्हटलं, वैतागून. छोटा बोर्ड केला. ट्यूनर, आवाज एकसारखा ठेवणारा कॉम्प्रेसर आणि शेवटी कॅबिनेट सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) असलेला प्रीअ‍ॅम्प, ज्यातून एक्सएलआर वायर थेट बाहेर. कानासाठी कमरेला लावायचा वायरवाला बेल्टपॅक. तालमीत आमचा स्वतःचा छोटा डिजिटल मिक्सर होता, प्रत्येकाचं मिक्स प्रत्येकाच्या फोनवर. दोन महिने सगळं इतकं छान चाललं की मी मनातल्या मनात शरण आलो होतो.

मग पहिला शो. त्या हॉलचा साउंडवाला म्हणाला, 'तुमचा मिक्सर कशाला लावता, मी माझ्या डेस्कवरून देतो सगळ्यांना.' वेळ कमी होता, आम्ही मान डोलावली. साउंडचेकला कानात सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध माझा बेस हळूहळू बुडायला लागला. पोकळ हॉल, खालचे सूर घुमायला लागले असणार, त्याने बेसचा फेडर खाली ओढला. आणि माझ्या कानातला ऑक्स, म्हणजे डेस्कवरून माझ्याकडे येणारी लाइन, त्याने ठेवला होता पोस्ट-फेडर, म्हणजे त्या फेडरच्या नंतर. हॉलमधून मी कमी झालो तसा माझ्या कानातूनही गेलो.

पॅकचा आवाज वाढवला. वाढलं काय, तर किक ड्रम, तालाची क्लिक आणि गायिकेचा श्वास. उजवा हात आपोआप जोरात मारायला लागला, तारा फ्रेटवर आपटू लागल्या. कानात तरीही काही नाही. डावा इन-इअर उपटून काढला. मूक स्टेज म्हणजे काय असतं ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. झांजांचा कल्ला, गिटारच्या तारांचा टिणटिण आणि माझ्या बेसचा आवाज म्हणजे रिकाम्या डब्यावर रबर ताणून सोडावं तसा फट्‌ फट्‌. पाठीमागे फ्रीज नाही, नुसता पडदा. मी साउंडवाल्याकडे पाहून कानाकडे बोट केलं, मग वर केलं. त्याने हसून अंगठा दाखवला. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय.

उरलेला अर्धा शो मी ड्रमरच्या उजव्या गुडघ्याकडे बघून वाजवला. गुडघा खाली गेला की मी सूर लावायचा, बोटं बेसच्या मानेवरच्या ठिपक्यांवर. फिल (मधल्या जागा भरणारे सूर) नाहीत, स्लाइड नाहीत, वरच्या सप्तकात जाणं नाही. नुसते मूळ सूर, आणि तेही आखूड, कारण लांब धरला तर तो कुठे संपतोय हे ऐकायला येत नव्हतं.

शो संपल्यावर गिटारिस्ट आला आणि म्हणाला, 'आजवरचा तुझा सगळ्यात चांगला बेस.' मला वाटलं जखमेवर मीठ चोळतोय. पण त्याने डेस्कचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि रात्री हेडफोन लावून ऐकलं तर खरंच चांगलं होतं. किक आणि बेस एकाच माणसाने मारल्यासारखे. गाण्याला श्वास घ्यायला जागा. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

तो म्हणाला, अ‍ॅम्प गेला म्हणून आवाज सुधारला. मी म्हणालो, मला ऐकूच येत नव्हतं म्हणून मी कमी वाजवलं, यात तुझ्या पेडलबोर्डचं कौतुक काय? त्यावर तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. 'तू बारा वर्षं अ‍ॅम्पबरोबर वाजवत होतास, आमच्याबरोबर नाही.' तेच ते पंधरा दिवस.

आता तुमचा प्रश्न. 'अ‍ॅम्पचा आवाज' म्हणून आपण जे कवटाळतो त्यातलं पुष्कळसं अ‍ॅम्पचं नसतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये बेसिस्ट जेम्स जेमरसनचा बेस बहुतांशी थेट डेस्कला गेलेला आहे, अ‍ॅम्पसमोर माइक लावून नाही. आवाज होता त्याच्या एका बोटात आणि जुन्या, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांत. माझ्या लाडक्या फ्रीजचंच सांगायचं तर तसलं बंद कॅबिनेट ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबल खाली आलेलं असतं. खालच्या ईचा मूळ सूर त्यातून जेमतेम निघतो. आपण ऐकतो ते ८२ हर्ट्झ आणि त्यावरचे स्वरांश, बाकीचं मेंदू भरून काढतो. कानात नीट बसलेला इन-इअर त्यापेक्षा खाली जातो. नीट बसलेला, हे महत्त्वाचं. जरा फट राहिली की सगळ्यात आधी बेस गळतो, आणि मग लोक म्हणतात इन-इअरमध्ये बेसच नाही. तोंड उघडून बघा, हसून बघा, गात असाल तर गाऊन बघा. आवाज पातळ झाला तर टिप बदला.

अ‍ॅम्पकडून खरोखर मिळतात त्या दोनच गोष्टी. एक, वरचा कापलेला आवाज. ट्वीटर नसलेलं बेसचं कॅबिनेट साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे हात टेकतं, म्हणून त्यातून ओव्हरड्राइव्ह गोड लागतो. तोच ड्राइव्ह कॅबिनेट सिम्युलेशनशिवाय डेस्कला दिला की कानात माश्या घोंघावतात. तेव्हा बोर्डवर बाकी काही नसलं तरी चालेल, सिम्युलेशन किंवा आयआर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नोंद) पाहिजे. टेक ट्वेंटीवन कंपनीच्या पहिल्या सॅन्सअ‍ॅम्पपासून, म्हणजे १९८९ पासून, हे काम पेडल करताहेत. नवल राहिलेलं नाही. बारा पेडलांचा बोर्ड करू नका. बोर्डचा मोह कॅबिनेटपेक्षा वाईट, नुसता जमिनीवर आडवा पसरतो एवढंच.

दुसरी म्हणजे अंगाला जाणवणारा धक्का. तो इन-इअर देत नाही, कितीही महाग घ्या. त्यासाठी पायाखाली ठेवायचे थरथरणारे प्लॅटफॉर्म मिळतात, ड्रमर तर तसली आसनं वापरतातच. मी एकदा त्यावर उभा राहिलो. बरं वाटलं, पण गाडी सुरू ठेवून उभं राहिल्यासारखं.

डिजिटलला उशीर होतो ही तक्रार ऐकाल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात की ९ मिलिसेकंद उशिराच ऐकत होतात आणि कधी कुरकुर केली नाहीत.

एक कान काढून वाजवायची सवय मात्र लावून घेऊ नका. मी त्या शोला केलं ते चूक होतं. एक काढला की दुसऱ्याचा आवाज वाढवला जातो आणि उघड्या कानावर झांजा आदळतात त्या वेगळ्याच. ९४ डेसिबलला तास आणि १०० ला पंधरा मिनिटं, एवढीच दिवसाची सुरक्षित मर्यादा मानतात. इन-इअर घातले म्हणजे कान वाचले असंही नाही, त्यांतूनही तेवढंच जोरात ऐकता येतं. आवाज मर्यादेपुढे न जाऊ देणारा लिमिटर चालू ठेवा. एकटं, कोंडल्यासारखं वाटत असेल तर स्टेजच्या कडेला एक हॉलचा आवाज पकडणारा अ‍ॅम्बियंट माइक लावून तो मिक्समध्ये किंचित घ्या. हे आधी सांगायला हवं होतं, पण माझ्या डाव्या कानात गेली काही वर्षं बारीक शिट्टी वाजते. ती अ‍ॅम्पची नव्हे, ड्रमरच्या क्रॅश झांजेची देणगी आहे असं माझं ठाम मत आहे. गिटारिस्टचं मत वेगळं आहे.

तर विकू की नको? कॅबिनेट विका, हेड ठेवा. आणि एक लहान, बारा इंची एका स्पीकरचं कॅबिनेट घरात असू द्या. हल्लीची क्लास डी हेड दोन-तीन किलोंत ५०० वॅट देतात, त्यामुळे 'ओझं' हा मुद्दा तसाही निकालात निघालाय. गिटारिस्टने तो सहा वर्षांपूर्वी काढला तेव्हाही निघालेला होता. ज्या ठिकाणी पीएमधून फक्त गाणं जातं, तिथे इन-इअर घालून गेलात तर तुम्ही एकटेच स्वतःला ऐकाल. तिघांचा बँड असेल आणि बाकी दोघे उघड्या कानांनी वाजवत असतील तरी तेच. तुमचा ड्रमर इन-इअर वापरतो पण गिटारिस्ट नाही, अशी खिचडी असेल तर आधी आपसांत ठरवा.

माझा फ्रीज गेला. गेल्या महिन्यात तालमीला लहान कॅबिनेट नेलं, ड्रमरच्या मागे ठेवलं, आवाज जेमतेम. ड्रमर म्हणाला, राहू दे इथेच. गिटारिस्टने पाहिलं आणि काही बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत फार आहे. मी अजूनही वाजवतो इन-इअरवरच, आणि फिल पूर्वीपेक्षा कमी मारतो. ते त्याला सांगितलेलं नाही.

तुमच्या मिक्सची किल्ली तुमच्या बोटाखाली असेल, फोनवर असो की पॅकवर, तर बिनधास्त जा. नसेल तर साउंडचेकला साउंडवाल्याला विचारा, माझा ऑक्स प्री-फेडर आहे की पोस्ट-फेडर? त्याने 'काय फरक पडतो' असं म्हटलं तर लहान कॅबिनेट गाडीतून खाली उतरवा.