आर.व्ही.-७ मध्ये ऑटोपायलट बसवताना

तुमचे आर.व्ही.-७ (किटमधून स्वतः बांधायचे छोटे विमान) अमेरिकेत एक्सपेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक, वर्गात नोंदले जाणार असल्याने प्रमाणित ऑटोपायलटची सक्ती तुमच्यावर नाही. तरीही किमतीच्या आधी पॅनेलवरील स्क्रीन कोणत्या कंपनीची आहे ते पाहावे. डायनॉनचा स्कायव्ह्यू असेल तर सर्व्हो (ऑटोपायलटच्या आज्ञेनुसार विमानाची नियंत्रणे हलवणाऱ्या मोटरी) डायनॉनचेच घ्यावेत आणि गार्मिनचा जी३एक्स असेल तर गार्मिनचेच जीएसए २८ सर्व्हो, म्हणजे दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळवत बसावे लागत नाही.

खरी काळजी घ्यायची ती सर्व्होच्या भुजेची. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावीउजवीकडे कलवणारी हलती फळी) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना भुजा आणि तिला नियंत्रणांशी जोडणारी जोडदांडी कधीही एका सरळ रेषेत येता कामा नयेत, कारण तो बिंदू ओलांडला की भुजा पलीकडे अडकते आणि स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रण दांडा) परत येत नाही. माझ्या पहिल्या विमानात ही जोडणी मधल्या स्थितीत अगदी निर्दोष दिसत होती. स्टिक पूर्ण उजवीकडे नेल्यावर मात्र टॉर्चच्या उजेडात ती जवळजवळ सरळ झालेली दिसली आणि मला सगळे पुन्हा जुळवावे लागले. म्हणून पंखाचा पत्रा बंद होण्यापूर्वीच हे तपासा.

ऑटोपायलट तोडण्याचे बटण स्टिकवरच असावे, त्याचा वीजपुरवठा तोडणारा ब्रेकर आसनाचा पट्टा बांधलेला असतानाही हाताला लागावा आणि सर्व्होवर हाताने मात करता येते की नाही याची परीक्षा जमिनीवरच करावी. सुरुवातीची उड्डाणे ऑटोपायलट बंद ठेवूनच करा; एक पंख जड वाटत असेल तर तो दोष आधी दुरुस्त करावा, सर्व्होने झाकू नये.