दोन ते चारचा पहारा

चि. बाळास,
राम कृष्ण हरी.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. राग अजून पुरता गेलेला नाही, ते वाचताना कळेलच.

तू म्हणतोस, गेल्या अखंड हरिनाम सप्ताहात गळ्यात वीणा होती, तोंडाने नाम चाललं होतं आणि डोक्यात पोलीस भरतीचं मैदान. सोळाशे मीटरला किती सेकंद कमी पडले त्याचा हिशेब. ही देवाची फसवणूक झाली, भाव नसताना उभं राहण्यापेक्षा यंदा पहाऱ्याला, म्हणजे वीणा घेऊन नाम घेत उभं राहायच्या पाळीला, नावच द्यायचं नाही, असं तू ठरवतोयस.

ऐकायला फार प्रामाणिक वाटतं. मला मात्र त्यात पळवाट दिसते. मी स्वतः तिच्यावरून चाललेलो आहे, त्यामुळे लांबूनच ओळखू येते.

अरे, मन लागणं कुणाच्या हातात असतं? हातात वीणा असते. पहारा दोन तासांचा असतो आणि दोन तास म्हणजे दोन तास. त्यात मोबाइल बघायचा नाही, खांबाला टेकायचं नाही. ‘विठ्ठल’मधला ठ पुरता उमटला पाहिजे. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणताना शेवटचा म गिळायचा नाही. मैदान आठवलं तर आठवू दे, पण तोंडातला म सोडू नको. भाव आला की उभा राहीन म्हणणारा माणूस मी आजवर उभा राहिलेला पाहिला नाही.

हरिपाठात माउली ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ म्हणतात. हल्लीच्या पोरांना त्यातला ‘क्षणभरी’ तेवढा पाठ असतो. ‘उभा’ कुणी वाचत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. तुझ्या वडिलांनाही ती ठाऊक नाही.

मी बावीस-तेवीसचा असेन. अक्षर चांगलं म्हणून दत्तजयंतीच्या सप्ताहात पहारेकऱ्यांची यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. १९४७ साली सानेगुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडलं. आमचं देऊळही तोवर उघडलेलं होतं. यादी उघडायची राहिली होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले एक म्हातारे माळकरी होते, दरसाल पायी आषाढी करणारे. ते पारावर आले आणि म्हणाले, ‘मास्तर, मलाबी एक पहारा लिवा की.’ मी पंचांच्या तोंडाकडे पाहिलं. संध्याकाळचे पहारे मानकऱ्यांचे. कुणीतरी म्हणालं, ‘लिही, रात्री बारा ते दोन.’ मी लिहिलं. त्या वेळेला बघायला कोण येणार होतं? दोन ते चार माझा पहारा होता, कारण सगळ्यांत लहान मी.

त्या रात्री मला जाग आली ती काकड्याला निघालेल्या बायकांच्या आवाजाने. पावणेचार वाजले होते. धोतर सावरत धावत देवळात गेलो. सभामंडपात एकच कंदील, दोन-चार माणसं घोंगड्या घेऊन आडवी झालेली, आणि मधोमध म्हातारा उभा. मार्गशीर्षातली थंडी. पायात काही नाही, अंगावर उपरणं तेवढं. आवाज बसला होता, पण प्रत्येक ‘राम कृष्ण हरी’ पुरतं येत होतं. वीणेच्या तारेवर बोट फिरत होतं.

मला उठवायला त्यांनी माणूस धाडला असता तर चाललं असतं. वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातली असती तरी चाललं असतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. ‘झोप लागली आसंल. लागती या वयात. वीणा खाली ठिवता येत न्हाई म्हून हुबा ऱ्हायलो.’ आणि रीतीप्रमाणे माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

वीणा देताना-घेताना दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचं असतं. तुला ठाऊक आहे.

मी वाकलो नाही. घोंगडीतून कुणीतरी बघत होतं.

एवढंच. पुढच्या वर्षी वाकायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचं नाव लिहायला ते राहिले नाहीत.

म्हणून मी दोन तास, दोन तास करत बसतो. गावातली पोरं माझी नक्कल करतात, हे माहीत आहे मला. एका वर्षी सहावीतलं एक पोरगं वीणा घेऊन पायरीवर बसलं, तर मी चार माणसांत त्याच्यावर ओरडलो. ते परत कधी पहाऱ्याला आलं नाही. चुकलंच माझं. पण वीणा घेऊन बसायचं नसतं, हेही खरंच आहे ना?

पुढे कमिटीने काढलं की रात्री बारा ते चार स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं नाम लावू, वीणा खुंटीला राहील. ‘रात्री ऐकतंय कोण?’ हा त्यांचा सवाल. मी म्हणालो, ज्याला ऐकवायचं त्याला तुमची टेप कशाला लागते? अखंड हरिनाम सप्ताह म्हणायचं आणि अखंड काय, तर वीजपुरवठा? भांडलो, कमिटी सोडली, आणि पुढची सहा वर्षं देवळाची पायरी चढलो नाही. म्हणजे तुला पहारा चुकवू नको म्हणून सांगणाऱ्याने सहा वर्षांचे पहारे चुकवलेत. मी म्हणतो तत्त्वासाठी. तुझी काकू म्हणते रागासाठी. तिच्याशी या विषयावर मी बोलत नाही. शेवटी टेप बंद झाली, ती उंदरांनी वायर कुरतडली म्हणून. माझ्यामुळे नाही.

तेव्हा भाव, फसवणूक वगैरे मला लिहू नको. ते म्हातारे चार तास मनात काय घेऊन उभे होते, कुणाला माहीत? कदाचित यादीत बारा ते दोन लिहिणाऱ्या माझ्यासारख्याबद्दल कडूच असेल. नाम मात्र पुरतं येत होतं, ते मी या कानांनी ऐकलंय.

यादी यंदा तुझ्याकडे आहे असं कळलं. आधी वस्तीवर जा आणि त्यांच्या नातवाला विचार, कुठली वेळ हवी. तो म्हणेल ती वेळ. मानकरी कुरकुरले तर माझं नाव सांग. बारा ते दोन तुझं नाव घाल, भरतीचा सराव सकाळी असला तरी. दोन ते चार माझं.

मुलाकडे पुण्यात गुडघ्याचं दाखवून झालं, गुरुवारच्या एसटीने येतो. डॉक्टर फार वेळ उभं राहू नका म्हणालेत, ते काकूला सांगू नको. खुर्ची ठेवू नको.

आणि दोनला मी आलो नाही तर हाक मारायला ये. दार वाजव, कडी वाजव, शेजारी उठले तरी चालतील. एकट्याने चारपर्यंत उभा राहू नको.

तुझा,
मास्तर