नववीनंतर क्वालालंपूरचं बॅडमिंटन शिबिर: आत्ता की दहावीनंतर?

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची आहे, नववीची परीक्षा नुकतीच संपली. सांगलीतच खेळते, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास. गेल्या वर्षी १५ वर्षांखालील गटात जिल्ह्याला उपांत्य फेरी गाठली, राज्य स्पर्धेत मात्र पहिल्याच फेरीत हरली. तिचे सर मे महिन्यात आठ मुलांना घेऊन क्वालालंपूरला १४ दिवसांच्या शिबिराला निघालेत. एजन्सीचं पॅकेज १ लाख ९० हजारांचं, त्यातले ५० हजार आठ दिवसांत भरायचे. माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव व प्रमाणपत्र’ असं छापलंय. मुलगी हटून बसली आहे, तिचे बाबा म्हणतात कर्ज काढून कशाला. याचा दहावीच्या वाढीव गुणांना किंवा पुढे करिअरला उपयोग होईल का?
– एक आई, सांगली

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी प्रमाणपत्राचा विषय मिटवू, कारण अर्धा निर्णय त्यावर अडलाय. बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाच्या मान्यतेच्या कुठल्याही ज्युनिअर स्पर्धेत नाव जातं ते आपल्या राष्ट्रीय संघटनेमार्फत. एजन्सी, अकादमी किंवा पालक परस्पर नाव घालू शकत नाहीत. तेव्हा शिबिराच्या शेवटच्या दिवशी होणारी ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ म्हणजे तिथल्या मुलांशी मैत्रीपूर्ण सामने. ते चांगलेच असतात, पण त्या कागदावर दहावीचे वाढीव गुण मिळत नाहीत आणि पुढे शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या पडताळणीतही तो टिकत नाही. दोन्हीकडे मान्यताप्राप्त स्पर्धांमधली कामगिरी लागते. शिबिराला जायचं ते शिकायला. कागदासाठी जायचं असेल तर पैसे वाचवा.

शिकायलाच जायचं म्हटलं, तर १४ दिवसांत काय शिकता येतं? ग्रिप बदलणं, टॉस (मागच्या रेषेपर्यंतचा उंच फटका) मारताना कोपर खाली राहतं ते सुधारणं, बॅकहँड बसवणं ही महिनोन्‌महिन्यांची कामं आहेत. परक्या कोचने दोन आठवड्यांत फटका मोडून नव्याने लावला आणि परत आल्यावर सरांनी तो पुन्हा पहिल्यासारखा केला, तर मुलगी दोन्हीकडून जाते. हा त्रास बराच दिसतो. दोन आठवड्यांत खरोखर मिळतं ते वेगळंच. आपल्याहून सरस आणि दररोज नवी जोडीदार मुलगी समोर येते, रॅली लांबतात, नेटजवळच्या शटलवर पाऊल किती आधी पडायला हवं हे पायांना कळतं. सांगलीत तिला हरवू शकतील अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. तिची खरी उणीव ती आहे, आणि ती भरून काढायला पहिला पर्याय क्वालालंपूर नाही. पुण्यात, ठाण्यात तिच्या वयाच्या राज्य पातळीवरच्या मुली रोज कोर्टवर असतात.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: या मे महिन्यात नको. दहावीची परीक्षा झाल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन आठवडे, आणि तेही वर्षभरात दोन गोष्टी झाल्या तर. एक, राज्य मानांकन स्पर्धांत मुख्य ड्रॉमध्ये (पात्रता फेऱ्यांनंतरच्या सामन्यांत) तिने निदान एक-दोन फेऱ्या जिंकाव्यात. दुसरी, तिचा आठवड्याचा सराव दुखापतीविना वाढावा. या वर्षी एक लाखाच्या आसपास रक्कम राज्य स्पर्धांचा प्रवास-मुक्काम, दिवाळीच्या सुटीत पुण्यात दहा-बारा दिवस स्पारिंग (सरस मुलींशी सरावाचे सामने) आणि एकदा चांगल्या फिजिओकडून गुडघा-घोटा-खांद्याची तपासणी यांवर घाला. पहिल्या फेरीत हरणारी मुलगी परदेशी शिबिरात बहुधा सगळ्यात कमकुवत गटात पडते, आणि त्या गटाला फीडिंग करतो (सरावासाठी एकामागून एक शटल टाकतो) तो अकादमीतला सगळ्यात नवखा कोच.

दहावीनंतरचीच सुटी का, तर शाळेची घाई नसलेली एवढी मोठी सुटी पुन्हा येत नाही. मार्चच्या मध्याला परीक्षा संपते, निकाल मे महिन्यात लागतो, मग अकरावीचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. त्याआधी घरी परत यायला हवं. पण परीक्षा संपली की लगेच विमानात बसवू नका. दहावीच्या वर्षात सराव कमी झालेला असतो आणि शिबिरात सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ३० तास कोर्टवर जातात. दहा तासांवरून एकदम तीस. या वयात हाडं वाढत असतात. अशा उडीत गुडघ्याच्या वाटीखालचं हाड, टाच किंवा नडगी दुखायला लागते आणि चौथ्या दिवशी मुलगी बाकावर बसते. मार्चच्या मध्यापासून सहा आठवडे दर आठवड्याला साधारण सव्वा तास वाढवत जा. दहावरून सतरा-साडेसतरा तासांपर्यंत पोहोचली की पुरे. वाढवलेला वेळ सगळा कोर्टवर नको, निम्मा दोरीउड्या, शॅडो फुटवर्क (शटलशिवाय पावलांचा सराव) आणि पोटऱ्या-मांड्यांच्या व्यायामाला द्या. शिबिराच्या पहिल्या तीन दिवसांत दिवसाला एकच कोर्ट सत्र ठेवावं, अशी विनंती आधीच कळवा. चांगला कोच हरकत घेत नाही. ज्याने हसण्यावारी नेली, त्याच्याकडे पाठवण्याआधी पुन्हा विचार करा.

अकादमी निवडताना देशापेक्षा एका कोर्टवर किती मुलं हे विचारा. दोन तासांच्या सत्रातून वॉर्मअप आणि शेवटचं स्ट्रेचिंग मिळून चाळीस मिनिटं वजा करा. राहिलेल्या ८० मिनिटांत फीडिंगच्या ड्रिलला एका वेळी एकच मूल खेळतं. कोर्टवर आठ मुलं असतील तर तुमच्या मुलीच्या वाट्याला दहा मिनिटं, चार असतील तर वीस. बाकीचा वेळ रांगेत उभं राहून शटल गोळा करण्यात. शिबिराचा नुसता एक व्हिडिओ मागवा, संगीत लावून कापलेला नको, सलग दहा मिनिटांचा. त्यात रांग मोजता येते. फीडर शटल कुठे टाकतो आणि चूक झाल्यावर थांबवून काही सांगतो की पुढचं शटल टाकत राहतो, हेही दिसतं. कोचने जागतिक महासंघाची लेव्हल १ किंवा २ केली आहे का, शटल फेदरचं की नायलॉनचं, मॅटखाली लाकूड आहे की थेट काँक्रीट, तेही विचारा. काँक्रीटवर तीन आठवडे म्हणजे नडगीला आमंत्रण.

मलेशिया तुम्हाला सोयीचं यासाठी की तिथे इंग्रजीवर काम भागतं आणि स्पारिंगला मुलं भरपूर मिळतात. ‘राष्ट्रीय अकादमीला भेट’ हे पॅकेजमध्ये असेल तर बुकित कियारातल्या इमारतीत फिरून फोटो काढण्यापलीकडे त्याला किंमत देऊ नका. थायलंडचा विचार केला तर १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो, हॉल बंद मिळू शकतात. इंडोनेशियात कुदुसच्या पीबी जारुमसारख्या नामांकित क्लबची मुलं निवड चाचणीतून येतात, सुटीपुरतं जाऊन त्यांच्यात मिसळता येईल असं समजू नका. डेन्मार्कची उन्हाळी शिबिरं जुलैच्या सुमाराला, म्हणजे आपल्या शाळा सुरू झाल्यावर. शिवाय शेंगेन व्हिसा, त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, आणि खर्च कुठल्या कुठे. प्रकाश पदुकोण डेन्मार्कला गेले हे उदाहरण पालक नेहमी देतात. ते १९८० ची ऑल इंग्लंड जिंकल्यावर गेले, आणि तिथल्या क्लबसाठी राहून खेळायला. (परदेशातल्या यशाचं उदाहरण हवंच असेल तर ते तुमच्याच गावचं आहे. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरलाच स्पर्धा जिंकली, भारतीय खेळाडूचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद.)

मुलगी एकटी किंवा गटाबरोबर जाणार म्हणून काही गोष्टी लेखी हव्यात. मुलींच्या मुक्कामाला महिला वॉर्डन किंवा महिला कोच रात्रीही आहे का, खोलीत किती जणी, त्या कोणत्या वयाच्या, हॉस्टेल ते हॉल कोण नेतं-आणतं, फोन कधी मिळतो, आणि तक्रार असेल तर मुलीने सरांखेरीज आणखी कोणाला सांगायची. शेवटच्या प्रश्नाला नाव आणि नंबर मिळाला नाही, तर बाकी सगळं उत्तम असूनही पाठवू नका. मसाज किंवा टेपिंग बंद खोलीत एकटीने करून घ्यायचं नाही, हे तिला निघण्याआधी सरळ शब्दांत सांगा.

जाण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झालेल्या, भरपूर खेळणाऱ्या मुलींमध्ये ते कमी निघणं नवं नाही, आणि मग दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्या थकव्याला सगळे आळस म्हणतात. क्वालालंपूरला उकाडा दमट असतो. सत्राआधी आणि नंतर वजन करायला सांगा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव, मीठ-साखरेसह, हळूहळू प्यायचं. घरी शाकाहार असेल तर एक लक्षात ठेवा: तिथल्या सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) बहुतेक वेळा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, भाज्याही त्यात परततात. भाजलेलं सत्तूचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, खाकरे बरोबर द्या. दोन रॅकेट एकाच ताणाचं गटिंग (जाळीची विणाई) करून, चार-पाच ग्रिप, रोजचे दोन टी-शर्ट. घाम न वाळलेले शूज दुसऱ्या दिवशी घातले की फोड येतात, म्हणून दोन जोड न्या, आणि दोन्ही आधीच पायात रुळलेले. रॅकेट चेक-इन बॅगेतच ठेवा, केबिनमध्ये अडवल्या जाऊ शकतात.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली हवी. आई-वडील बरोबर नसतील तर दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र द्या. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश दिला आहे, पण ही सवलत ठरावीक मुदतीची आहे. तिकिटाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा, आणि शिबिरासाठी हाच प्रवेश चालतो असं अकादमीकडून ईमेलवर घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं. प्रवास विम्यात खेळाच्या सरावातली दुखापत वगळलेली नाही ना, ते पॉलिसीत स्वतः वाचा.

परत येताना तिच्या हातात तीन गोष्टी हव्यात: दोन पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण, कोचने लिहून दिलेल्या तीनच सुधारणा, आणि आठ आठवड्यांचा सराव आराखडा. तो आराखडा सरांनी मान्य केला पाहिजे, म्हणून जाण्याआधीच दोन्ही कोचची एकदा व्हिडिओ कॉलवर गाठ घालून द्या. आल्यावर पहिला आठवडा हलका, स्पर्धा दहा दिवसांनंतर.

राहिला ॲडव्हान्सचा प्रश्न. एजन्सीकडे तिकीट, प्रशिक्षण शुल्क, मुक्काम, स्थानिक प्रवास आणि जीएसटी-टीसीएस असा वेगवेगळा हिशोब मागा. टीसीएस (परदेशी पॅकेजवर एजन्सी आधीच घेऊन भरते तो प्राप्तिकर) ज्यांच्या पॅनवर कापला जाईल त्यांना तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, म्हणून तो तिच्या बाबांच्या पॅनवर घ्या. त्याच अकादमीला थेट ईमेल करून त्यांचा दरही विचारा. गट नेणाऱ्या कोचचा प्रवासखर्च बऱ्याचदा मुलांच्या पॅकेजमधूनच निघतो. यात गैर काही नाही, पण ते उघड सांगितलेलं असावं. सरांना दुखवायचं नसेल तर ‘या वर्षी दहावी आहे, पुढच्या गटात तिचं नाव धरा’ एवढं म्हणा, ते खोटंही नाही. आणि ५० हजार भरूनच झाले असतील, तर रद्द केल्यास किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते हे आजच ईमेलवर विचारा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.