'अर्धा इंची पाईप' म्हणतो, मग 'दोन मीटरी कापड' का नाही?

प्रश्न असा आलाय की दुकानात आपण अर्धा इंची पाईप मागतो, उंच माणसाला सहाफुटी म्हणतो, साडी नऊवारी असते, मग कापड 'दोन मीटरी' का नसतं, ते 'दोन मीटर' नाहीतर 'दोन मीटरचं'च का? आणि लिहायचं काय, सहाफूटी की सहाफुटी?

दुसरं सोपं आहे ते आधी उरकतो. सहाफुटी. फूट एकटा असेल तेव्हा ऊ दीर्घ, पुढे काही चिकटलं की ह्रस्व, मूल आणि मुलाला यासारखंच. म्हणून दहा फूट पण दहा फुटांवर. (भांडणातली ती फूट वेगळी, ती स्त्रीलिंगी, तिचं फुटीचं होतं, आणि मोजमापातला फूट पुल्लिंगी, त्याचं फुटाचं.)

आता त्या ई कडे. ही ई माप सांगत नाही, प्रकार सांगते. दुमजली घर, चौपदरी रस्ता, चारचाकी गाडी हे शब्द बघा, नऊवारी आणि सहाफुटी त्याच साच्यातले आहेत. 'दोन इंचांचा खिळा' म्हटलं की कोणीतरी पट्टी लावून बघितलंय असं वाटतं, 'दोन इंची खिळा' म्हटलं की ती दुकानातली एक जात झाली, तिचं नावच ते. पाईपचं उदाहरण तर मला फारच आवडतं, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि अर्धा इंची जीआय पाईपचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपचा) बाहेरचा व्यास भरतो २१.३ मिलिमीटर, आतला १५ ते १७ च्या आसपास, म्हणजे त्या पाईपवर कुठेही पट्टी लावा, अर्धा इंच सापडतच नाही! तरी तो अर्धा इंची, कारण ते नाव आहे. आणि नाव असल्यामुळेच 'अर्धा' बदलत नाही, 'अर्ध्या इंचाचा' पण 'अर्धा इंची'. सहावारी साडीचं पण तेच, दुकानदार साडेपाच मीटर मोजून देतो (सहा वार म्हणजे ५.४९ मीटर, हिशेब बरोबरच आहे) पण साडीला साडेपाचमीटरी कोणी म्हणणार नाही.

मग मीटर-लिटरला ही ई का नाही? बरेच जण म्हणतात की इंच-फूट जुने म्हणून रुळले, मेट्रिक नवं म्हणून नाही. मला हे अर्धंच पटतं. वजनमापांचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं लागू झाली, म्हणजे आता साठ वर्षांहून जास्त झाली की. उलट तोळा केवढा जुना, पण 'दोन तोळी हार' कोणी म्हणत नाही, दोन तोळ्यांचा हार. आणि बत्तीस इंची टीव्ही, साडेसहा इंची स्क्रीन हे तर मेट्रिक आल्यानंतरचे शब्द! त्यामुळे जुनं-नवं हा मुद्दा नाही, त्या धंद्यात वस्तूची जात कुठल्या मापाने ओळखतात हा मुद्दा आहे. टीव्हीच्या जाती इंचावर ठरल्या, खिळ्या-पाईपच्याही. कापडाची जात सुती, रेशमी अशी ठरते, ते किती मीटर घेतलं यावर नाही, म्हणून दोन मीटरी कापड नाही. कुकरच्या जाती लिटरवर ठरतात आणि कोणी 'पाच लिटरी कुकर' म्हणालं तर माझ्या कानाला तरी खटकत नाही, पण रूढ 'पाच लिटरचा' हेच आहे. किलोला ई लावायला गेलं तर जीभच अडखळते, आणि एमएम हे तर आद्याक्षरांचं नाव, तिथे 'ची' लावूनच भागवतो, बारा एमएमची सळई.

पण मेट्रिक शब्द मराठीत परकेच राहिले असं समजू नका हां. 'भर' लावून बघा, किलोभर साखर, लिटरभर दूध, मीटरभर कापड, सगळं सहज बसतं, अगदी तसूभर, इंचभर, कोसभर सारखं. म्हणजे एक प्रत्यय मोकळेपणाने लागतो आणि दुसरा लागत नाही.

आणि ही जुन्या-नव्या मापांची सरमिसळ वाटते तेवढी वेडीवाकडी नाही, प्रत्येक वस्तू आपलं माप धरून बसलीय. प्लायवूड घ्या, लांबी-रुंदी आठ बाय चार फूट आणि जाडी एकोणीस एमएम, एकाच फळीला दोन पद्धती, आणि सुतार एका दमात बोलून जातो. पावसाळ्यातली बातमी तर बघाच, पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणातला साठा टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत (कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी), सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफूट, आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तिथल्या माणसाला '४३' एवढं म्हटलं तरी पुरतं, त्याचे मीटर करून सांगितले तर कोणाला काही कळणार नाही.

एक गंमत राहिली. एकरी चाळीस टन ऊस, यातली ई वेगळी, ती 'दर एकराला' या अर्थाची, माणशी सारखी. आणि ही ई मात्र मेट्रिकला लागलीय, नुकसानभरपाई जाहीर होते ती हेक्टरी! सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं म्हणून हा शब्द सरकारी कागदातून आला आणि बोलण्यातही शिरला, तरी शेतकरी आपसात एकरीच बोलतात. आरचं नशीब त्याहून वेगळं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की लोक सातबाऱ्यावरचा आर बघतात आणि सरळ गुंठा वाचतात. गुंठ्यावरून गुंठेवारी (जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकणं) शब्द झाला, आणि कागदावर हेक्टर-आर असताना २००१ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला त्याच्या नावातच गुंठेवारी आहे.