नसलेल्या भागांचा हिशेब

जुनी वेंडिंग मशीन उघडायची, धुवायची आणि पुन्हा चालती करायची, या उद्योगात माझी सव्वीस वर्षं गेली. वडील फ्रिज दुरुस्त करायचे, त्यामुळे गार करायची बाजू घरातूनच आली. नाण्याची बाजू मी मोडतोड करत शिकले. या वेळी आलेली बहुतेक पत्रं मशीनच्या किमतीबद्दलची आहेत, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते.

प्रश्न : मला घरात ठेवायला १९५०च्या दशकातलं व्हेंडो ८१, म्हणजे शीतपेयाच्या बाटल्या देणारं मशीन, घ्यायचं आहे. दोन मशीन बघितली. एक लालचुटुक, ‘पूर्ण रिस्टोअर केलेलं, चालू स्थितीत’. दुसरं गोदामात पडलेलं, रंग उडालेला, नाणं घेणारा भागच नाही, पण भाव पहिल्याच्या निम्मा. पहिल्याचा विक्रेता म्हणतो, इंटरनेटवर बघा, याच भावाला लागली आहेत. कोणतं घेऊ?

‘लागली आहेत’ आणि ‘विकली गेली आहेत’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जाहिरातीतला भाव म्हणजे विक्रेत्याची इच्छा. एका मशीनची जाहिरात मी दोन वर्षं त्याच फोटोसह, त्याच भावाला बघत होते. तो भाव खरा असता तर ती जाहिरात तिथे राहिलीच नसती. तेव्हा लिलावांच्या संकेतस्थळांवर झालेले सौदे वेगळे काढून बघा. तेच मॉडेल, त्या रिस्टोअर केलेल्या मशीनसारखीच अवस्था, असे पाच-सहा सौदे गोळा करा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. लिलावगृहाचा आकडा असेल तर हातोडा पडला तो भाव आणि खरेदीदाराने कमिशनसह मोजलेले पैसे यांत गल्लत करू नका. उरलेल्यांची जी सरासरी येईल तिला आपण शंभर म्हणू.

आता गोदामातल्या मशीनकडे या. शंभरावरून उलटं यायचं. समजा पत्रा, वेल्डिंग आणि रंगाचे तीस. क्रोमचे दहा, कारण या काळातली मुठी-हँडलं बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात, त्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुन्हा क्रोम चढवणारे लोक स्वस्तात काम करत नाहीत. गार करण्याच्या यंत्रणेचे बारा. दाराचं रबर, वायरिंग, अक्षरांचे स्टिकर मिळून आठ. नाण्याच्या भागाचे दहा. वाहतुकीचे पाच, कारण हे धूड शंभर किलोच्या बरंच वर जातं आणि आडवं टाकून नेता येत नाही. झाले पंचाहत्तर. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही प्रत्येक कामाचं कोटेशन घ्या आणि तुमचे आकडे घाला. या हिशेबाने मशीनला उरतात पंचवीस, आणि मागणारा पन्नास मागतोय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आपण एरवी हसण्यावारी नेतो, पण इथे कोंबडीवालाच आठ आणे मागतोय.

“काम मी स्वतःच करणार आहे,” असं म्हणणारे खूप भेटतात. जरूर करा. पण तुमच्या हाताची मजुरी विक्रेत्याच्या खिशात का घालायची? तीही वजा करूनच भाव सांगा.

आता लालचुटुक मशीन. ‘चालू स्थितीत’ म्हणजे काय, हे विक्रेत्याला शब्दांत सांगायला लावा. दिवा लागतो आणि मागून घुर्र आवाज येतो, एवढ्यालाही लोक चालू म्हणतात. घुर्र म्हणजे कॉम्प्रेसर फिरतोय, गार होतंयच असं नाही. आत पाण्याची बाटली आणि थर्मामीटर ठेवून आदल्या दिवशीपासून मशीन सुरू ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी जा आणि दार तुम्ही उघडा. मग माहितीची पाटी वाचा. मॉडेल, नंबर आणि व्होल्टेजबरोबर गॅस कोणता आणि किती, हेही तिच्यावर असतं. या काळातल्या बहुतेक मशीनांत आर-१२ हा गार करणारा गॅस भरलेला असायचा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९६पासून तो बनवणं बंद केलं. त्यामुळे गॅस गळून गेलेला असेल तर ‘थोडा गॅस भरला की झालं’ हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि बारा वजा करायचे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे हर्ट्झ) लिहिलं असेल आणि तुमच्याकडे २३० व्होल्ट, ५० सायकल असेल, तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सांभाळतो, सायकल नाही. मोटर एक षष्ठांशाने मंद फिरते आणि जास्त तापते. हाही खर्चच धरा.

रंगाचं दुखणं मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एक गोल डोक्याचं मशीन मी रंग बघून घेतलं. आरशासारखा रंग! आठव्या महिन्यात दाराच्या खालच्या कडेला तांदळाएवढा फुगा आला. नखाने टोकरला तर खपली निघाली आणि तिच्या मागे बोटभर जाडीची लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, आणि लांबीच्या मागे पत्राच नाही. गंजाने खाल्लेल्या भोकात जाळी कोंबून वर लांबी भरली होती. तेव्हापासून एका मेलेल्या नाणे-यंत्रातून काढलेलं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पर्समध्ये असतं. दाराची खालची कड, चारी पाय आणि मागचा तळ इथे ते फिरवते. पोलादी पत्र्यावर ते चटकन ओढलं जातं, लांबीवर नुसतं घसरतं. ओतीव हँडलांवर मात्र ते चिकटणारच नाही, तिथे घाबरू नका. विक्रेत्याकडे रंग काढून उघडा केलेल्या पत्र्याचे, कामाच्या मधल्या टप्प्याचे फोटो असतील तर शंभर द्या. फोटो नसतील आणि चुंबकही लावू देत नसेल, तर नमस्कार करून निघा.

जाता जाता, ८१ महाग आहे ते दुर्मिळ आहे म्हणून नाही. ८१ बाटल्या मावतात म्हणून त्याचं नाव ८१, आणि ती बरीच बनली. पण घरात मावेल एवढी उंची, गोल खांदे, आणि उभं अरुंद दार उघडून बाटलीची मान धरून ओढण्यातली मजा, यामुळे घेणारे जास्त आहेत. साठच्या दशकातली चौकोनी धुडं याच्या तुलनेत पडत्या भावात जातात. लोकप्रिय मॉडेलचा आणखी एक फायदा म्हणजे त्याचे नवे सुटे भाग आजही बनतात. कमी बनलेल्या मॉडेलचं एखादं झाकण नसेल तर ते झाकण शोधण्यात उमेद संपते. म्हणून दुर्मिळ मशीनच्या नसलेल्या भागाचे पैसे मी नेहमी दुप्पट कापते.

प्रश्न : माझ्याकडच्या मशीनमध्ये पाच सेंटऐवजी दहा सेंटचं नाणं चालतं. एक जाणकार म्हणाले, “हे छेडछाड केलेलं आहे, किंमत पडली.” खरं आहे का?

छेडछाड कोणी आणि कधी केली, ते बघावं लागेल. साडेसहा औंसांची कोका-कोला अमेरिकेत १८८६पासून जवळजवळ १९५९पर्यंत पाच सेंटलाच मिळत होती. त्यामागे यंत्रांचाही हात होता, कारण ती एकच नाणं घ्यायची. पाचावरून वर जायचं तर थेट दहा, म्हणजे भाव दुप्पट. कंपनीचे रॉबर्ट वुड्रफ यांनी १९५३मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नाणं काढायची विनंती केली होती. नाणं काही निघालं नाही. शेवटी भाव वाढले आणि जागेवर उभ्या असलेल्या मशीनांचे नाण्याचे भाग बदलले गेले. तुमचा बदल त्यातला असेल तर तो मशीनच्या नोकरीतलाच भाग आहे. मूळ पाच सेंटचा भाग असलेल्याला थोडं जास्त मिळतं हे खरं, पण ‘किंमत पडली’ हे जाणकारांनी स्वतः विकत घेण्यापूर्वी म्हटलं की नंतर?

किंमत खरी पडते ती दुसऱ्या कारणाने. कोणीतरी नाण्याची भानगड नको म्हणून आतला खटका तारेने बांधून टाकतो आणि नाणं न टाकताच बाटली निघते. दार उघडून टॉर्च मारा. नाणं पडतं, छोट्या पाळण्यात तोललं जातं, व्यास आणि वजन जमलं तर पुढे घरंगळतं. लोखंडी चकती चुंबकाला अडकते. बिनलोखंडी नाण्यालाही त्याच्या धातूप्रमाणे चुंबक कमी-जास्त रोखतं आणि त्या वेगावर ते कुठल्या खाचेत उडी घेणार ते ठरतं. अमेरिकेने १९४२ साली युद्धासाठी निकेल वाचवायला पाच सेंटच्या नाण्यात चांदी घातली, तेव्हा या यंत्रांनी ते नाणं परत फेकू नये म्हणून मिश्रणात मँगेनीजही घालावं लागलं. सरकारने यंत्राची मर्जी राखल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं. तपासताना एक नाणं टाकून खूश होऊ नका. दहा वेळा टाका, एकदा लोखंडी वॉशर टाका, आणि परतीचं बटण दाबल्यावर तो खाली येतो का बघा. दहापैकी तीनदा अडकलं तर बहुतेक वेळा नुसती जुनी चिकट घाण असते. हे तुम्हाला माहीत आहे, पण विक्रेत्याला माहीत नसेल तर भाव करायला जागा आहे.

प्रश्न : काचेच्या गोळ्याचं च्युइंगगम मशीन ‘१९२०च्या दशकातलं’ म्हणून मिळतंय. कसं ओळखू?

उलटं करा. तळाला अधिकच्या खुणेचे, फिलिप्सचे स्क्रू दिसले तर ‘१९२०’ तिथेच गळालं, कारण ते स्क्रू बाजारात आले १९३०च्या दशकाच्या मध्याला. एखादा स्क्रू कोणी नंतर बदललेला असू शकतो, सगळेच तसे असतील तर तुम्हीच ठरवा. मग झीज बघा. खरी झीज हात लागतो तिथे असते, म्हणजे मुठीवर, नाण्याच्या खाचेभोवती आणि गोळी पडते त्या झडपेच्या ओठावर. बनावट ‘जुनेपणा’ सगळीकडे सारखा फासलेला असतो, तळाच्या आतल्या बाजूलासुद्धा, जिथे कोणाचा हात कधी जात नाही. गोळा काचेचा आहे की प्लास्टिकचा, हे नखाने टिचकी मारून ऐका. नंतर बसवलेली काच असेल तर भाव उतरतो, पण मशीन खोटं ठरत नाही. काच फुटतेच. आजकाल घरात शोभेला ठेवायची जुन्या धाटणीची नवी लाल मशीन भरपूर बनतात. ती वाईट नसतात, पण त्यांना खेळण्याचा भाव द्यायचा.

प्रश्न : हे पुढे गुंतवणूक म्हणून चांगलं ठरेल ना?

नाही. जागा खातं, वीज खातं, विकायला काढलं की न्यायला चार माणसं लागतात. बघून आनंद होणार असेल तरच घ्या.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचं मशीन विकायचं आहे. रंग मूळचाच आहे, पण फिका झालाय, थोडे ओरखडे आहेत. आधी नवा रंग देऊन घेऊ का? किल्लीही सापडत नाही.

ब्रश खाली ठेवा! शाबूत मूळ रंगासाठी जास्त पैसे मोजणारे लोक आहेत, आणि तो एकदा खरवडला की परत आणता येत नाही. नवा रंग ज्याला हवा असेल तो त्याच्या पसंतीने देईल, तुमचा खर्च त्याच्याकडून वसूल होणार नाही. मऊ कापड, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, एवढंच. तेही स्टिकरच्या कडांपासून दूर.

कुलूप ड्रिलने फोडू नका. वडिलांच्या टेबलाचे खण, जुनी पाकिटं आणि कपाटामागचे खिळे बघा. नाहीच मिळाली तर कुलूपवाल्याकडून नळीसारखी किल्ली बनवून घ्या. तो खर्च फुटलेल्या दारापेक्षा कमीच असेल. आणि दार उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कोणी पेन्सिलीने सर्व्हिसिंगच्या तारखा लिहिलेल्या दिसल्या, तर तिथे ओला फडका फिरवू नका. त्यांचा फोटो जाहिरातीत सगळ्यात आधी लावा.