रविवारही पुरत नाही

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून बदलापूरला राहते आणि दादरच्या एका मोठ्या खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. सकाळी सातला घर सोडते, ती रात्री आठला परतते. त्यानंतरही कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतच राहतात. आठवड्याची साठलेली कामे रविवारी उरकते. रजा घेणे जमत नाही, त्या बुडतात. घरचे मदत करतात, तरीही उसंत नाही. हे पत्रही गाडीत बसायला मिळाले म्हणून लिहिते आहे. नियोजन मलाच जमत नाही, की नोकरी सोडावी?

उत्तर : ज्या बाईला पत्रासाठीही लोकलमधली जागा साधावी लागते, तिला आणखी वेळापत्रके आखायला सांगणे म्हणजे तिची थट्टाच होईल. आपला हक्काचा रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लावून धरलेल्या मागणीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाला. त्या गिरण्यांत स्त्रियाही राबत होत्या, आणि भोंगा गप्प असला तरी त्यांची चूल रविवारीही पेटतच असणार. तुम्हालाही सुट्टी कार्यालयाने दिली आहे, घराने अजून दिलेली नाही.

‘घरचे मदत करतात’ या वाक्याशी मी अडखळले. मदत म्हटली की काम मूळचे तुमचे, हे सर्वांनी धरूनच चाललेले असते. समजा, मुलगा दळण आणतो. पण डब्यातले पीठ तळाला गेले आहे हे पाहणे, गहू निवडून ठेवणे, गिरणी कोणत्या वारी बंद असते हे ध्यानात ठेवणे आणि त्याला दोनदा आठवण करणे हे सारे तुमच्याच डोक्यात चालू राहते. तेव्हा दळण आठवणीसकट त्याच्यावर सोपवा. एखाद्या संध्याकाळी डबा रिकामा निघेलच. त्या दिवशी पोळीभाजी केंद्रातून पोळ्या येऊ द्या आणि, हे सर्वांत अवघड आहे, एक शब्दही बोलू नका. बाजारहाट पतीकडे याच रीतीने जावी.

रात्री नऊनंतर ग्रुप पाहणार नाही, तातडीचे असल्यास फोन करावा, असे वरिष्ठांना एकदा स्पष्ट सांगा. फोन फारसे येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. नोकरी मात्र थकव्याच्या भरात सोडू नका. पगार थांबेल आणि दळण कोणाचे, हा प्रश्न कायमचा तुमच्या विरुद्ध निकाली निघेल.

आता रजा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तुमच्यासारख्या मोठ्या कार्यालयात वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षअखेर बुडतात त्या आठ नैमित्तिक रजा, म्हणून आधी त्याच वापरा. पहिली रजा घरचे सारे बाहेर असतील अशा एखाद्या मंगळवारी घ्या, आणि त्या दिवशी माळा आवरायला काढू नका.