१९६९ च्या कॅमारोचं मागचं चाक जागेवर फिरतं, मागून धक्के बसतात: कडक पाटे टाकू का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: १९६९ ची शेव्हरोले कॅमारो, ३९६ घन इंचांचं इंजिन, चार गिअर, मागे पाटे (पोलादी पात्यांच्या लीफ स्प्रिंग). क्लच सोडला की उजवं चाक धूर काढतं, आणि पकड आलीच तर अख्खं मागचं अंग धडधडायला लागतं. मेकॅनिक म्हणतो कडक पाटे टाका.

नका टाकू. निदान आत्ता तरी नको.

मी डेट्रॉइटजवळ राहतो, सस्पेन्शन हाच माझा पोटापाण्याचा धंदा. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर या काळातल्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा मागून एअर शॉक फुगवून बूड वर केलेल्या गाड्या हमखास दिसतात. सत्तरच्या दशकातली ती फॅशन. दिसायला रुबाबदार, पण पकडीच्या दृष्टीने काही कामाची नाही. 'मागचं कडक करा' हा सल्ला त्याच पठडीतला.

आधी आकडे बघू. पहिला गिअर २.५२ आणि मागचा अॅक्सल ३.५५ चा धरतो, तुमच्याकडे थोडा फरक असेल. ३२५ अश्वशक्तीच्या ३९६ चा कागदावरचा टॉर्क ४१० पाउंड-फूट, म्हणजे साधारण ५५६ न्यूटन-मीटर. गिअर आणि अॅक्सलमधून तो चाकांपाशी पोचेपर्यंत पाच हजारांच्या घरात जातो. २३५/६०आर१५ टायर असेल तर रस्त्यावर सुमारे दीड हजार किलोचा रेटा. आता दुसरी बाजू. गाडी १६०० किलो, त्यातलं मागच्या चाकांवर जेमतेम ७०० (पुढे ते लोखंडी धूड बसलंय ना). ०.५ जी ने (गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या वेगवाढीने) निघालात, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरला आणि व्हीलबेस १०८ इंच, तर मागे आणखी दीडशे किलो भार येतो. झाले साडेआठशे. साध्या रोड टायरला त्यातून साडेसातशे-पावणेआठशे किलोचा रेटा झेपतो. इंजिन देतंय त्याच्या निम्मा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, भार मागे किती जाणार हे गाडीचा वेग कसा वाढतो, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस किती, यावर ठरतं. पाटे कडक की मऊ यावर नाही. गाडी मागे बसते ते फक्त डोळ्यांना दिसतं. ड्रॅग स्ट्रिपवरच्या (सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या) चांगल्या गाड्यांचं मागचं अंग निघताना चक्क वर उचललं जातं आणि तरी टायर रस्त्यात रुतलेले असतात. दोन, टायर जुना असेल तर बाकी सगळं पाणी. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा: २४१२ म्हणजे २०१२ चा चोविसावा आठवडा. या गाड्या वर्षाला हजार मैलही चालत नाहीत, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. पांढऱ्या अक्षरांचे टायर मलाही आवडतात, पण पहिले पैसे मऊ रबराच्या टायरवर घाला.

आता धडधड. इथेच खरी गोम आहे. चाक रस्त्याला पुढे ढकलतं तेव्हा अॅक्सलचं घर उलट्या दिशेने पीळ खातं, त्याचं नाक, म्हणजे पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो तो भाग), वर उठतं. वरच्या हिशेबाने हा पीळ अडीच हजार न्यूटन-मीटरचा: मीटरभर लांब पहारीच्या टोकाला अडीचशे किलो टांगल्यासारखा. तो धरायला मागे आहे कोण? फक्त पाटे. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो, पाटा एस आकाराचा होतो. पकड सुटली की तो झटक्यात सरळ होतो, परत पकड, परत पीळ. हीच तुमची धडधड. याने यूजे क्रॉस (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे) तुटतात, अॅक्सल मोडतात, म्हणून ती जाणवली की पाय लगेच उचला.

कारखान्यांना हे ठाऊक होतं. १९६७ च्या कॅमारोला मागे दोन्ही बाजूंना एकाच पात्याचा पाटा होता आणि ती याच गोष्टीसाठी बदनाम झाली. १९६८ ला शेव्हरोलेने शॉक अॅब्सॉर्बर एक अॅक्सलच्या पुढे, एक मागे असे लावले आणि ताकदवान मॉडेलांना अनेक पात्यांचे पाटे दिले. क्रायस्लरने जास्त डोकं लावलं: अॅक्सल पाट्याच्या मध्यावर न ठेवता पुढे सरकवला, म्हणजे पुढचा भाग आखूड आणि ताठ, वर पिनियनच्या डोक्यावर रबरी ठोकळा, नाक वर आलं की त्यालाच टेकणार. मला विचाराल तर त्या काळातलं सगळ्यात हुशार आणि स्वस्त काम तेच.

तेव्हा गाडीखाली शिरा आणि पाती मोजा. साध्या कॅमारोला मागाहून ३९६ बसवून एसएसचे (ताकदवान मॉडेलचे) बिल्ले लावलेल्या गाड्या ढिगाने आहेत, आणि त्यांत मागे अजून तेच एका पात्याचे पाटे सापडतात. तसं असेल तर पाटे बदलावेच लागतील, पण कारण वेगळं. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातलं (टोकाच्या वळ्यातलं) रबर बुश फाटलंय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, तेही बघा. पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये गाडी खाली करायचे ठोकळे कोणी घातले असतील तर काढून टाका, पीळ त्यांनी वाढतो. मिशिगनसारख्या मिठाच्या रस्त्यांवर वाढलेली गाडी असेल तर पुढचा डोळा बॉडीला जिथे जोडलाय तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर आधी वेल्डिंग, मग बाकीचं.

इलाज म्हणजे पाट्याच्या पुढच्या अर्ध्याला फुगू न देणं. स्वस्तातला मार्ग स्लॅपर बार: अॅक्सलखाली घट्ट बांधलेली दांडी, पुढच्या टोकाला रबर. हे रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बरोबर खाली आलं पाहिजे; मध्येच कुठे पाट्याला टेकलं तर पाटाच वाकवेल. माझी पसंती कॅलट्रॅक्सला. त्यात पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर फिरणारी तिकोनी प्लेट असते. अॅक्सल पिळला की दांडी पुढे सरकते, प्लेट फिरते आणि पाट्याला वरून दाबते. बाकी वेळ पाटा मोकळा, म्हणून खड्ड्यात हाडं खिळखिळी होत नाहीत. उजवीकडे थोडा जास्त ताण ठेवतात. पाट्यांसोबत लॅडर बार (शिडीच्या आकाराच्या ताठ दांड्या) रस्त्यावरच्या गाडीला लावू नका, दोन्ही एकमेकांशी भांडत राहतात.

उजवंच चाक का? प्रॉपेलर शाफ्टचा पीळ अॅक्सलचं उजवं टोक हलकं करतो. डिफरन्शियल साधं असेल तर हलक्या चाकाला जेवढं झेपतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं. गाडी जॅकवर घ्या, न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर पॉझिट्रॅक्शन (दोन्ही चाकांना ताकद देणारं, घसरण रोखणारं डिफरन्शियल) एकतर नाहीच, किंवा त्याच्या क्लच प्लेटा झिजल्यात. ते बसवल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय बारचा पैसा वसूल होणार नाही.

शॉक आणि पिनियनचा कोन सगळ्यात शेवटी. पिनियनचं नाक प्रॉपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा थोडं खाली हवं. बार नसताना पाच-सहा अंश, बार लावल्यावर दोन-तीन पुरतात. मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर मोजलेला कोन खोटा असतो.

पाती किती निघाली आणि मागचं कव्हर १० बोल्टचं की १२ चं, ते कमेंटमध्ये लिहा. १० बोल्टचं, म्हणजे त्यातल्या त्यात नाजूक, असेल तर मऊ टायर टाकायच्या आधी बोलू.